तीन किलोमीटरचा बोअर, फ्रॅकिंग आणि आपल्या रानातलं केसिंग

पाटण तालुक्यातल्या एका गुरुजींनी तीन प्रश्न विचारलेत. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर मारला, तो तेल शोधायला होता का? तिथं फ्रॅकिंग, म्हणजे दाबाच्या पाण्यानं खडकात भेगा पाडणं, झालं असं कुणी सांगतं, त्यानं भूकंप वाढतील का? आणि आटपाडीतल्या त्यांच्या मेहुण्यांनी शेतात साडेआठशे फूट बोअर नेलाय, एवढ्या खोल जायला कायदा परवानगी देतो का?

मी विट्याचा. नोकरी सगळी तेलविहिरींच्या रिगवर गेली, बरीचशी गुजरातेत आणि काही आसामात. निवृत्त होऊन गावी आल्यापासून माणसं तेलाचं कमी आणि बोअरचंच जास्त विचारतात. गुरुजी, तुमचे पहिले दोन प्रश्न कुतूहलाचे आहेत, घोर लावणारा तिसराच आहे. पण क्रमानंच जाऊ.

कोयनेचा बोअर तेलासाठी नव्हता. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराडजवळ हजारमाचीला भूकंप आणि खोल बोअरच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा आहे, तिचं ते काम. आधी कोयना-वारणा पट्ट्यात सुमारे दीड-दीड किलोमीटरचे नऊ बोअर घेतले. मग त्याच पट्ट्यातल्या गोठणे गावी डिसेंबर २०१६ मध्ये मोठी रिग लागली आणि जून २०१७ पर्यंत ३,०१४ मीटर, म्हणजे जवळजवळ ९,९०० फूट खोली गाठली. भूकंप जिथं जन्मतो त्या खडकात उपकरणं नेऊन ठेवायची, हा उद्देश. कोयनेचे बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले असतात, त्यामुळे जगात जिथं असं करता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

त्या बोअरमधून काय वर आलं, हे तेलाच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. गोठण्याला १,२४७ मीटरपर्यंत आपला नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर. त्याच्या खाली थेट ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये गाळाचा खडक नाही. तेल तयार व्हायला समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साचलेला, सेंद्रिय पदार्थांनी भरलेला गाळ लागतो. तो दोन-चार किलोमीटर खाली दबून साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला लाखो वर्षं शिजावा लागतो. इथं तो पदार्थच नाही, तर तेल येणार कुठून? बसाल्टात तेल सापडतच नाही असं मात्र नाही. बडोद्याजवळच्या पाद्रा क्षेत्रात ते दख्खनच्या बसाल्टातच मिळालंय आणि बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रात ज्वालामुखीय खडकातून गॅस काढतात. पण दोन्हीकडे शेजारी गाळाचं खोरं आहे, तिथून ते सरकत आलं आणि भेगांत अडकलं. सरकारच्या यादीत देशातली २६ गाळाची खोरी आहेत. त्यात 'दख्खन सिनेक्लाइज' आणि 'भीमा-कलादगी' ही नावं आहेत, म्हणून दर काही वर्षांनी आपल्याकडे 'तेल सापडणार' अशी बातमी फिरते. ही दोन्ही तळाच्या वर्गात मोडतात. बोअरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला म्हणून नमुना घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी विचारतो, की जवळ पेट्रोल पंप आहे का आणि बोअर मारून किती दिवस झाले? बहुतेक वेळा तो बोअरच्या गाडीच्या कॉम्प्रेसरमधला ऑइलचा अंश असतो.

खोलीचं माणसांना फार अप्रूप. अमेरिकेत १८५९ साली ड्रेकनं ज्या विहिरीतून तेल काढलं आणि जिथून या धंद्याची सुरुवात मानतात, ती अवघी साडेएकोणसत्तर फूट होती. दिग्बोईची पहिली यशस्वी विहीर ६६२ फूट. म्हणजे गुरुजी, तुमचे मेहुणे आसामातल्या पहिल्या तेलविहिरीपेक्षा खोल गेलेत! मुंबई हायला तेलाचा मुख्य चुनखडीचा थर तेराशे-चौदाशे मीटरवर आहे. सोव्हिएत रशियानं कोला इथं निव्वळ अभ्यासासाठी १२,२६२ मीटर गाठले. पण विहीर किती धोक्याची हे खोलीवरून ठरवता येत नाही. तीन-चार हजार मीटरवर काय चाललंय त्यानं तुमच्या पिण्याच्या पाण्याला सहसा काही होत नाही. बिघडतं ते वरच्या दोन-तीनशे मीटरमध्ये, केसिंग, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेला पाइप, आणि खडक यांच्या मधल्या बोटभर फटीत. माझी उमेदीची वर्षं ती फट भरण्यात गेली म्हणून असेल, पण मला कुठल्याही विहिरीबद्दल विचारलं तर माझा पहिला प्रश्न तोच असतो, की फटीत सिमेंट आहे का आणि ते तपासलं कुणी?

तेलविहीर एका दमात खाली नेत नाहीत. वरचा टप्पा रुंद घेतात, गोड्या पाण्याच्या सगळ्या थरांच्या खालपर्यंत. त्यात पोलादी केसिंग उतरवतात, आतून सिमेंटची राळ, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, खाली ढकलतात आणि ती बाहेरच्या फटीतून वर जमिनीपर्यंत येईपर्यंत थांबत नाहीत. सिमेंट घट्ट झालं की दाब देऊन बघतात, गळतंय का. मग त्याच्या आतून खडक कापणारं लहान बिट घालून पुढचा टप्पा, त्यात पुन्हा केसिंग, पुन्हा सिमेंट. आमच्याकडे तेरा, साडेनऊ आणि सात इंच अशी उतरती भाजणी असायची. शेवटी ध्वनिलहरींचं उपकरण सोडून सिमेंट केसिंगला आणि खडकाला चिकटलंय का याचा आलेख काढतात. रात्रपाळीत सिमेंटची राळ वर यायची वाट बघत उभं राहणं आणि ती आलीच नाही की वरिष्ठांना उठवणं, ही नोकरीतली सर्वांत नकोशी वेळ. राळ वर आली नाही याचा अर्थ ती खाली कुठल्यातरी भेगेत निघून गेली आणि आता दुरुस्तीचं सिमेंट आलं. खर्च वाढतो, दिवस जातात, वरून बोलणी बसतात. तरी करावंच लागतं.

दुसरी सुरक्षा मडची. बेंटोनाइट माती आणि बॅराइट हे वजनदार खनिज घालून जड केलेला हा चिखल विहिरीत फिरता ठेवतात. त्याच्या वजनानं खालचा गॅस दबून राहतो. वजन कमी पडलं की गॅस आत घुसतो, त्याला किक म्हणतात. किक वेळेत ओळखली नाही तर उरतो विहिरीचं तोंड बंद करणारा झडपांचा संच, ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी. आंध्रात पसरलपुडीला जानेवारी १९९५ मध्ये ओएनजीसीची विहीर उसळून पेटली, ती विझायला ६५ दिवस लागले. आसामात बाघजानला ऑइल इंडियाची विहीर २७ मे २०२० ला उसळली, ९ जूनला पेटली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले आणि पूर्ण ताबा मिळाला तो १५ नोव्हेंबरला. दुसरा अडथळा पक्का झालाय याची खात्री न करता बीओपी काढला होता, असं तिथल्या चौकशीत निघालं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनवर ११ माणसं गेली, तिथं तळाचं सिमेंट धरलं नव्हतं. यांतली एकही दुर्घटना फ्रॅकिंगमुळे झालेली नाही.

आता फ्रॅकिंग. ज्या खडकात गॅस असतो पण वाहत नाही, त्यात प्रचंड दाबानं पाणी सारून भेगा पाडायच्या आणि त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू सोडायची. व्यापारी वापर अमेरिकेत १९४९ पासून आहे. पाणी आणि वाळू मिळून ९८-९९ टक्के, उरलेली रसायनं. पण एका आडव्या विहिरीला कोटी-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, कधी त्याच्या कितीतरी पट. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दोन कोटी लिटरला दोन हजार टँकर. दुष्काळी जतच्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या एक-दोन टक्के रसायनांचाही हिशोब करा, ते दोन-चार लाख लिटर होतात.

भेगा वर चढून पाण्याच्या थरात येतील, ही सगळ्यांना वाटणारी भीती. अमेरिकेत हजारो भेगांची उंची मोजली गेलीय. बहुतेक शंभर मीटरच्या आसपास थांबतात, सर्वांत उंच गेलेली ५८८ मीटर. विहीर अडीच हजार मीटरवर आणि पाणी शंभर मीटरवर असेल तर मध्ये भरपूर खडक राहतो. वायोमिंगमध्ये पॅव्हिलियन गावाजवळ मात्र पावणेचारशे मीटरवरच फ्रॅकिंग केलं होतं आणि पाण्याच्या विहिरी दोनशे मीटरच्याही खाली गेलेल्या होत्या. तिथं वाद उठला तो उगाच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१६ च्या अहवालात पाणी बिघडण्याच्या ज्या वाटा सांगितल्या त्यांत रसायनांची सांडलवंड, कच्चं केसिंग-सिमेंट आणि वापरलेलं पाणी अस्तर नसलेल्या खड्ड्यात सोडणं या ठळक आहेत. तरीही फ्रॅकिंगवाल्या कंपन्या 'आम्ही दोन मैल खाली काम करतो' एवढंच सांगून मोकळ्या होतात तेव्हा मला राग येतो. दोन मैल खाली जायला पाण्याच्या थरातूनच जावं लागतं की! त्याच अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्यानं फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्यातून मोकळं सोडलं, डिझेल वापरलं तरच तो लागू. ही सूट मला कधीच पटली नाही.

भूकंपांचा विषय याहून गुंतागुंतीचा, आणि तो कोयनेच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळेल. १९६२ मध्ये कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन लष्करानं डेन्व्हरजवळ ३,६७१ मीटर खोल विहिरीत रासायनिक कारखान्याचं सांडपाणी दाबानं सोडायला सुरुवात केली. दोन्हीकडे थोड्याच काळात जमीन हलू लागली. डेन्व्हरच्या लोकांनी ओरड केली, फेब्रुवारी १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं. तरी तिथला सर्वांत मोठा धक्का आला ऑगस्ट १९६७ मध्ये, दीड वर्षानं. आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तीव्रता ६.३, १८० च्या आसपास माणसं दगावली. दोन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध नाही, यंत्रणा मात्र एकच. जुन्या, ताणलेल्या भ्रंशापर्यंत, म्हणजे जिथं खडक सरकतो त्या भेगेपर्यंत, पाण्याचा दाब मुरत जातो आणि दोन बाजूंना घट्ट धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. दाब फार लागत नाही. धरणातल्या पाण्याचा भार दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो, म्हणजे तळाशी फार तर आठ-दहा किलो. फ्रॅकिंगचा दाब त्याच्या कित्येक पट असतो. पण फ्रॅकिंगचा दाब काही तासांचा आणि मोजक्या जागेतला, धरणाचा वर्षानुवर्षांचा आणि मैलोगणती.

ओक्लाहोमातही धडा तोच. २००९ पूर्वी तिथं तीन तीव्रतेच्या वरचे भूकंप वर्षाला एक-दोन व्हायचे, २०१५ मध्ये नऊशेच्या वर झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा बसला. मुख्य कारण फ्रॅकिंग नव्हतं. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी वर्षानुवर्षं खोल विहिरींत परत सारत होते, ते भोवलं. पाण्याचं प्रमाण कमी करायला लावल्यावर धक्के उतरले. फ्रॅकिंगनं थेट भूकंप होतच नाहीत असंही नाही. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ चा झाला आणि नोव्हेंबरात सरकारनं फ्रॅकिंगच थांबवलं.

तर गोठण्यात जे झालं ते असं. खडक किती ताणाखाली आहे हे मोजायला बोअरचा छोटा भाग दोन्हीकडून रबरी पॅकरनं बंद करतात, मधल्या जागेत पंपानं पाणी देतात आणि खडक कोणत्या दाबाला तडकतो ते नोंदवतात. याला हायड्रोफ्रॅक चाचणी म्हणतात. लागणारं पाणी अगदी थोडं, वाळू नाही, रसायन नाही. या चाचणीनं कोयनेचे भूकंप वाढतील अशी भीती बाळगायचं कारण मला दिसत नाही. शेजारी १०५ टीएमसीच्या धरणातलं पाणी दर पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, त्यापुढे हे काहीच नाही. उद्या कुणी कोयना-वारणा पट्ट्यात खोल विहिरीतून सांडपाणी सोडायचं म्हटलं, तर मात्र मी पहिला विरोध करीन.

आणि फ्रॅकिंग म्हटल्यावर दचकायचं तर आपल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेलाही दचकावं लागेल. आटलेल्या हातपंपाच्या बोअरमध्ये पॅकर सोडून दाबानं पाणी मारायचं, भेगांतला गाळ सुटून पाणी वाढतं. जलभंजन म्हणतात त्याला, सातारा-सांगलीकडच्या लोकांना नवीन नाही. रसायन नसतं, निव्वळ पाणी. मला ही पद्धत आवडते. नवा बोअर पाडण्यापेक्षा जुना उघडलेला कधीही बरा.

तेलविहिरींवर देखरेख किती? कागदावर तरी भरपूर. १९४८ चा तेलक्षेत्र कायदा आहे, त्यात २०२५ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. १९९३ पासून हायड्रोकार्बन महासंचालनालय आहे, १९८६ पासून तेल उद्योग सुरक्षा संचालनालय. खाण सुरक्षा महासंचालनालयाचा निरीक्षक २०१७ च्या ऑइल माइन्स नियमांची प्रत घेऊन रिगवर येतो आणि काम बंद पाडू शकतो. शिवाय पर्यावरण मंजुरी. विहीर सोडून द्यायची झाली तरी कुठं किती सिमेंटचा बूच ठेवायचा हे ठरलेलं. फ्रॅकिंगसाठी संसदेनं केलेला स्वतंत्र कायदा मात्र नाही, असलेल्या नियमांतच ते बसवलंय. एवढं असून बाघजान झालंच. पण झाल्यावर चौकशी झाली, कुणाच्या सहीनं बीओपी काढला हे विचारता आलं.

आता आटपाडी. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, अमलात आला २०१४ च्या जूनमध्ये. त्यानुसार शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूटही भरत नाहीत. बोअरच्या गाडीच्या मालकानं नोंदणी करायची. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचं अंतरही बघायचं, हा नियम १९९३ च्या कायद्यापासूनचा, ५०० मीटरचा. गुरुजी, मेहुण्यांना राग येईल, पण साडेआठशे फूट कायद्यात बसत नाही. आणि हेही खरं की आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिकडे माण, खटाव इथं दोनशे फुटांवर थांबणारा बोअर मला दाखवा म्हटलं तर शोधावा लागेल. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेल्या गाड्या फुटाच्या भावानं काम घेतात. जितकं खोल तितकं बिल, मग थांबा कोण म्हणणार? द्राक्षबाग जळत असताना शेतकरीही म्हणत नाही, आणि त्याला मी दोष देत नाही.

पण ६० मीटरचा आकडा कुणी उगाच टाकलेला नाही. बसाल्टात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली कातळ घट्ट होत जातो. सातशे फुटांवर भेग लागलीच तर तिच्यातलं पाणी फार जुनं, एका पावसाळ्यात न भरणारं. पहिल्या वर्षी मोटर दणकून चालते, तिसऱ्या वर्षी अर्धा तास. आणि खोल बोअर स्वतःचं पाणी कमी आणि शेजाऱ्याच्या विहिरीचं जास्त ओढतो, कारण वरच्या थरातलं पाणी बिनसिमेंटच्या भोकातून खाली गळत जातं.

इथंच मी वर सांगितलेली फट येते. आपल्याकडे बोअरमध्ये मुरूम ढासळू नये एवढ्यापुरतं वीस-चाळीस फूट पीव्हीसी केसिंग घालतात. त्याच्या बाहेरच्या फटीत कटिंगचा चुरा पडतो, तेवढंच. गोठ्याचं, शौचखड्ड्याचं, खतांचं पाणी पावसाळ्यात त्या फटीतून सरळ खाली. तेलाच्या रिगवर हे केलं असतं तर नोकरी गेली असती. शेतात कुणी बघायलाही येत नाही. राज्यात लाखो बोअर असे आहेत आणि आपण काळजी करतो ती कोयनेच्या एका बोअरची, ज्याच्यावर शास्त्रज्ञांची फौज बसलेली.

कोरड्या गेलेल्या बोअरचं तर विचारू नका. वर गोणपाट आणि दगड. मुलं पडून मेल्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१० मध्ये स्पष्ट सांगितलंय. काम सुरू करण्याआधी १५ दिवस प्रशासनाला कळवा, काम चालू असताना कुंपण घाला, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधा, तोंडावर पक्कं झाकण बसवा आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरा. बोअर भरायला ट्रॅक्टरच्या एक-दोन खेपा पुरतात. नाव-पत्त्याची पाटीही लावायची असते, ती मी आजवर आमच्या भागात पाहिलेली नाही.

मेहुण्यांचा बोअर झालेलाच आहे. त्यांनी आता आणखी खोल जाऊ नये, हे पहिलं. दुसरं, तोंडाभोवती चार-पाच फूट खणून केसिंग मोकळं करावं आणि तेवढ्या उंचीत तरी घट्ट सिमेंट भरून वर बाहेरच्या बाजूला उतार असलेला ओटा बांधावा. पूर्ण इलाज नव्हे, पण पावसाचं वरचं पाणी अडतं. पिण्यासाठी वापरत असतील तर पाणी एकदा जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, नायट्रेट आणि जंतू दोन्ही.

नवा बोअर घेणाऱ्यानं गाडीवाल्याशी बोलताना फुटाच्या भावाआधी केसिंगचं बोलावं. कातळ लागेपर्यंत साडेआठ इंची भोक, त्यात सात इंची केसिंग, खाली कातळात हातभर रुतवलेलं. चाळीस फुटांच्या फटीला साडेतीन-चार पोती सिमेंट लागतं. राळ पातळ करून नळीनं खालून वर भरायची, वरून ओतायची नाही. वरून ओतलेली मध्येच अडकते आणि खाली पोकळी राहते. मग एक दिवस थांबायचं. गाडीवाला थांबायला तयार नसतो, त्याला पुढच्या गावचं काम असतं. थांबण्याचे पैसे आधीच ठरवून घ्या, आणि सिमेंट भरताना स्वतः उभे राहा, राळ फटीतून वर आलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत.